तेरा अंशांवरचा मित्र

बेळगावातून मित्र तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नरतुरंग तारकासमूहातला हा सर्वांत ठळक तारा, अल्फा सेंटॉरी. व्याध आणि अगस्त्य सोडले तर रात्रीच्या आकाशात याच्याइतका तेजस्वी तारा नाही. पण तो एक तारा नव्हे. साधारण ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी पुरी करणारे दोन सूर्य ४.३७ प्रकाशवर्षांवरून एकच ठिपका होऊन दिसतात. हे दोन ठिपके आपल्या शिवारात उभं राहून, आपल्याच दुर्बिणीतून सुटे बघायचे, एवढंच काम आम्ही हाती घेतलं होतं. मार्च ते मे २०२५ या तीन महिन्यांत जे केलं, जे चुकलं आणि जे जमलं ते इथे क्रमाने मांडतो, कारण दक्षिण गोलार्धातल्या लोकांसाठी लिहिलेल्या सूचना आपल्या अक्षांशावर फारशा कामी येत नाहीत. त्यांचा मित्र डोक्यावर असतो, आपला झाडांच्या शेंड्यांवर.

आधी उंचीचा हिशेब. या ताऱ्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर, आज सुमारे उणे ६०.९ अंश आहे. ९० मधून आपल्या गावाचा अक्षांश वजा करायचा, त्यातून ६०.९ वजा करायचे. उरलं ते त्याची क्षितिजापासूनची जास्तीत जास्त उंची. बेळगावचा अक्षांश १५.८५, म्हणजे १३ अंशांहून किंचित जास्त. खानापूरला साडेतेरा, निपाणीला १२.७, अथणीला १२.४. हात लांब करून धरलेली मूठ १० अंशांची; मुठीवर आणखी दोन बोटं, एवढीच त्याची झेप. तो क्षितिजावर आठ तासांच्या आसपास असतो खरा, पण १० अंशांच्या वर जेमतेम पावणेचार तास. कामाचा वेळ तेवढाच.

तो बरोबर दक्षिणेला, म्हणजे याम्योत्तर रेषेवर, कधी येतो हे पाठच करून ठेवावं: बेळगावात १ मार्चला पहाटे साधारण ४.३५, १ एप्रिलला २.३५, १ मेला रात्री १२.३५. दररोज चार मिनिटं लवकर, महिन्याला दोन तास. जूनच्या सुरुवातीला तो रात्री साडेदहाला, अगदी सोयीच्या वेळी, दक्षिणेला असतो, पण तेव्हा आपल्याकडे पाऊस. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून वळवाचे ढग दक्षिणेला ठाण मांडतात. त्यामुळे खरा हंगाम मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिल. जागरण टळत नाही.

जागेची निवड हा आमचा सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग होता, आणि त्यात पहिली चूक तिथेच झाली. शहरापासून लांब जायचं म्हणून काकतीच्या पुढे, महामार्गाच्या बाजूला, उत्तरेकडे जागा धरली. डोक्यावरचं आकाश सुंदर होतं. पण दक्षिणेला सगळं बेळगाव पसरलेलं, आणि शहराच्या उजेडाचा घुमट नेमका १५ अंशांपर्यंत चढलेला. मित्र त्या घुमटातच बुडाला. तेव्हा नियम असा: ज्या गावाचा उजेड टाळायचा, त्या गावाच्या दक्षिणेला जायचं. बेळगावकरांनी येळ्ळूरच्या पलीकडे किंवा खानापूरच्या वाटेला लागावं. निपाणी-चिक्कोडीकडच्यांनीही आपल्या दक्षिणेला कुठलं मोठं गाव येतं ते नकाशावर आधी बघावं.

जागा दिवसा जाऊन मोजली. त्याला मोठं साहित्य लागत नाही: शाळेचा कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याच्या टोकाला नट. कोनमापकाची सरळ कड झाडाच्या शेंड्यावर रोखायची आणि दोरा कुठल्या आकड्यावर येतो ते वाचायचं. ९० मधून तो वजा केला की शेंड्याची उंची. दक्षिणेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अंशांच्या पट्ट्यात काहीही पाच अंशांच्या वर नको. एवढा अरुंद पट्टा मोकळा मिळाला तरी पुरतं, कारण मित्र त्याच्या कामाच्या चार तासांत त्याबाहेर जात नाही. एका जागी सगळं जुळलं होतं, पण दक्षिणेला दोनशे पावलांवर पत्र्याची शेड होती. दिवसा ती नुसती नजरेआड केली. रात्री मित्र तिच्या वरून जाताना दुर्बिणीत उकळत्या पाण्यासारखा हलत होता. पत्रा झटकन थंड होतो, पण आतली हवा आणि भिंती पहाटेपर्यंत उष्णता सोडत राहतात. डांबरी रस्ता, उघडा कातळ, वीटभट्टी यांचंही तेच. सर्वांत चांगली दक्षिण बाजू म्हणजे कापणी झालेलं भाताचं मोकळं शेत किंवा गवताळ माळ; जमीन थोडी उतरती असेल तर आणखी उत्तम, कारण मग नजर जमिनीलगतच्या थरातून कमी जाते.

मात्र नदीकाठची खोलगट शेतं नकोत. मलप्रभेच्या किंवा मार्कंडेयेच्या काठी मार्चमध्येही पहाटे धुक्याची पातळ चादर येते, आणि ती बरोबर दहा-बारा अंशांच्या खालचं सगळं गिळते. कणकुंबी-जांबोटीकडे आकाश अंधारं मिळतं, पण घाटमाथ्यावर पश्चिमेकडून पहाटे ढग चढतात, आणि ते रान वनखात्याचं आहे. गवे आणि अस्वलं तिथे खरोखर फिरतात. परवानगीशिवाय रात्री आत जाऊ नये. शेतात बसायचं तर मालकाला आणि गावातल्या दोघांना आधी सांगून ठेवावं. रात्री दोन वाजता माळावर लाल दिवा घेऊन बसलेली माणसं बघून कोणीही घाबरेल.

धूर वेगळा सांगायला हवा. ऊसतोडणी संपता संपता शेतात पाला पेटवतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये डोंगराला वणवे लागतात. डोक्यावरच्या ताऱ्यांना या धुराचा फारसा त्रास होत नाही. तेरा अंशांवर मात्र नजर सव्वाचार पट जाड हवेतून जाते. स्वच्छ रात्रीसुद्धा मित्राचं तेज एका प्रतीने उतरतं: उणे ०.३ ऐवजी अधिक ०.८ च्या आसपास. (प्रत हे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) म्हणून दुर्बीण गाडीतून काढण्याआधीच एक परीक्षा घ्यायची. मित्राची तुलना वर चमकणाऱ्या चित्रा ताऱ्याशी करायची. मित्र चित्रेपेक्षा स्पष्ट उजळ दिसला तर रात्र चांगली. दोघं सारखे वाटले तर हवेत धूळ आहे, प्रयत्न करून बघता येईल. मित्र चित्रेहून मंद दिसला तर परत जाऊन झोपावं. ही परीक्षा आम्ही सुरुवातीला केली नाही आणि दोन रात्री नाहक घालवल्या.

मित्र ओळखायचा कसा? आधी चित्रा धरावी, तिच्या खाली क्षितिजाकडे उतरावं. मित्र दक्षिणेला येतो तेव्हा त्याच्या उजवीकडे साडेचार अंशांवर मित्रक, म्हणजे बीटा सेंटॉरी असतो, आणि मित्राकडून मित्रकाकडे जाणारी रेषा तशीच पुढे नेली की त्रिशंकू तारकासमूह लागतो, पश्चिमेकडे कललेला. नवख्यांची गल्लत दोन ठिकाणी होते. एक, नौका मंडलातला खोटा त्रिशंकू. तो मोठा आणि मंद असतो, आणि त्याला दाखवणारे दोन तारे शेजारी नसतात. दुसरी, मित्र आणि मित्रक यांतच. दक्षिणेकडे तोंड करून डावीकडचा तो मित्र, आणि दोघांत तोच उजळ. रंगावर विसंबू नये. मित्रक मुळात निळसर पांढरा आहे, पण इतक्या खाली सगळेच पिवळे-तांबूस दिसतात.

दुर्बीण आठ इंची डॉब्सन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), म्हणजे २०० मिलिमीटर आरसा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतर. सोबत ७० मिलिमीटरची भिंगाची छोटी दुर्बीण. खरं सांगायचं तर या जोडीसाठी मोठा आरसा लागतच नाही. २०२५-२६ मध्ये दोघांतलं दिसणारं अंतर नऊ ते साडेनऊ विकला आहे. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचे दोनशे तुकडे केले तर त्यातला एक. साठ मिलिमीटरची दुर्बीणही चांगल्या हवेत दोन विकला सुट्या करते. म्हणजे कागदावर काम सोपं आहे. अडथळा हवेचा आहे, आणि हवेवर मोठा आरसा हा उपाय नव्हे. डोक्यावर जिथे तारा दोन विकला पसरलेला दिसतो, तिथे तेरा अंशांवर तोच पावणेपाच विकला पसरतो.

डॉब्सन इतकी आडवी केली की तिचे दोष उघडे पडतात. नळी जवळजवळ जमिनीला समांतर असताना पुढची बाजू जड होते, आणि जड आयपीस (डोळा लावायचं भिंग) किंवा फाइंडर (तारा शोधायची छोटी जोडदुर्बीण) असेल तर तारा क्षेत्रातून आपोआप वर सरकत जातो, कारण नळी हळूहळू खाली झुकते. आम्ही आधी घर्षण वाढवण्यासाठी बाजूचे स्क्रू आवळले. त्याने नळी झटक्याने हलू लागली. शेवटी मागच्या कडेला अर्ध्या-पाऊण किलोची वाळूची पिशवी बांधली आणि स्क्रू पुन्हा सैल केले. आयपीस जमिनीपासून तीन फुटांच्याही खाली येतो, त्यामुळे खुर्ची निरुपयोगी. चौरंग किंवा पाट आणावा. वाकून बघणाऱ्याला पाचव्या मिनिटाला मान दुखते आणि दुखऱ्या मानेने जोडी सुटी दिसत नाही.

आरशांची जुळणी, म्हणजे कॉलिमेशन, नळी उभी धरून केली तर ती आडवी केल्यावर टिकत नाही. मुख्य आरसा क्लिपांमध्ये थोडा सैल असतो. नळी आडवी झाली की तो कडेवर टेकतो आणि केस-दोन केस सरकतो. म्हणून लेझर लावून जुळणी करायची ती नळी मित्राच्याच उंचीवर ठेवून. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला निदान तासभर द्यावा. नंतर स्वाती ताऱ्यावर फोकस करायचा, आणि मगच खाली यायचं. थेट मित्रावर फोकस करायला गेलं की हवेची थरथर आणि फोकसची चूक यांत फरक कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. ४८ पट मोठा करणारा २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तेव्हा मित्र एक उभी रंगीत रेघ दिसला: एका टोकाला निळा-हिरवा, दुसऱ्या टोकाला लाल. १२० पटीवर ती रेघ लांब झाली, तिच्यात मधूनच एक गाठ दिसे आणि नाहीशी होई. दोन रात्री आम्ही हे फोकसवर ढकललं. कारण वेगळंच होतं. वातावरण लोलकासारखं वागतं. निळा किरण लाल किरणापेक्षा जास्त वाकतो, म्हणून ताऱ्याचं निळं चित्र वर आणि लाल चित्र खाली पडतं. तेरा अंशांवर, बेळगावच्या अडीच हजार फूट उंचीवरच्या विरळ हवेतसुद्धा, डोळ्याला दिसणाऱ्या निळ्या आणि लाल यांच्यात तीन विकलांहून जास्त अंतर पडतं. नऊ विकलांच्या जोडीत तीन विकलांची रेघ फार वाटत नाही, पण त्यात थरथरीची फुगवट मिसळली की दोन ताऱ्यांमधली काळी फट भरून जाते.

आणि यात आपल्या नशिबाचा एक वाईट योग आहे, जो समजल्यावर सगळं सुटलं. सध्या जोडीतला मंद तारा (ब) उजळ ताऱ्याच्या (अ) जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. उत्तरेपासून पूर्वेकडे दहा-बारा अंश कललेला. दक्षिणेकडे तोंड करून बघणाऱ्याला उत्तर म्हणजे वर. म्हणजे ब तारा अ ताऱ्याच्या डोक्यावर, किंचित डावीकडे. आणि हवेने काढलेली रंगीत रेघही उभीच. अ ताऱ्याची निळी शेपटी थेट ब ताऱ्याच्या अंगावर जाते. अ हा ब पेक्षा तीन पटींहून जास्त उजळ (प्रती ०.० आणि १.३), त्यामुळे त्या शेपटीत ब सहज हरवतो.

यातून निघणारी युक्ती अशी की तारा सर्वांत उंच असतानाची वेळ सर्वांत चांगली नव्हे. रेघ नेहमी माथ्याच्या दिशेने उभी असते, पण आकाशाची उत्तर दिशा मात्र तारा पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना झुकत जाते. याम्योत्तर रेषेच्या एक तास आधी रेघ आणि जोडी यांच्यात सुमारे पंचवीस अंशांचा कोन असतो, आणि उंची फक्त एका अंशाने कमी. उलट रेषा ओलांडल्यावर पाऊण तासाने रेघ आणि जोडी अगदी एकावर एक येतात. आम्ही पहिल्या रात्री नेमके तेव्हाच बघत होतो, तारा पुरता वर चढू द्यावा म्हणून थांबून. म्हणून १ एप्रिलला २.३५ ऐवजी दीड वाजता डोळा लावायला सुरुवात करावी आणि अडीचला थांबावं.

दुसरा उपाय गाळणीचा. आयपीसला २१ क्रमांकाचा नारिंगी फिल्टर लावला की निळा-हिरवा भाग जातो आणि रेघ सव्वा विकलेच्या आसपास आखडते. २५ क्रमांकाच्या लाल फिल्टरने ती एक विकलेच्याही आत येते, पण छोट्या दुर्बिणीत त्यातून ब फार अंधारा होतो. आठ इंचीला लाल, सत्तर मिलिमीटरला नारिंगी, हे आमचं ठरलं. फिल्टर नसेल तर तारा आयपीसच्या मध्यभागी न ठेवता वरच्या किंवा खालच्या कडेकडे नेऊन बघावा. साध्या आयपीसमध्ये कडेला येणारा रंगदोष एका बाजूला हवेचा रंग काही अंशी खोडून काढतो. कोणत्या बाजूला, ते बघूनच कळतं.

तिसरा उपाय पुठ्ठ्याचा. आठ इंची दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठा बसवायचा आणि त्यात ७० मिलिमीटरचं गोल भोक एका बाजूला पाडायचं, असं की मधला छोटा आरसा आणि त्याचे आधार भोकात येणार नाहीत. आधारांमुळे उजळ ताऱ्याला जे चार काटे फुटतात ते जातात. इथे एखादा काटा ब ताऱ्यावरूनच जात होता. शिवाय लहान तोंडातून तारा कमी विस्कटतो, डोलतो तेवढा. डोलणाऱ्या ताऱ्याचा पाठलाग डोळा करू शकतो, विस्कटलेल्याचा नाही. लाल फिल्टर लावला तर मात्र पुठ्ठा काढावा, उजेड पुरत नाही.

नारिंगी फिल्टर, पुठ्ठा, १०० ते १२० पट, आणि याम्योत्तराच्या तासभर आधीची वेळ, एवढं जमल्यावर जोडी सुटली. सतत नाही, दर काही सेकंदांनी हवा क्षणभर थांबते आणि दोन स्वतंत्र ठिपके उभे राहतात, मध्ये स्पष्ट काळोख. ते दोन सूर्य आहेत, एक आपल्या सूर्यासारखाच पिवळा, दुसरा थोडा लहान आणि नारिंगी, हे ठाऊक असताना तो क्षण बघणं फार मोठं आहे. दोनशे पटीच्या पुढे जाऊ नये. ठिपके मोठे होतात, फट मोठी होत नाही.

दिसलं म्हणून लगेच लिहू नये, तपासावं. न्यूटनी, म्हणजे आमच्या डॉब्सनसारख्या आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं असतं, त्यामुळे ब तारा अ च्या खाली आणि थोडा उजवीकडे येतो. काटकोनी आरसा लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत तो वर राहतो, फक्त डावं-उजवं बदलतं. डॉब्सनजवळ माणूस बाजूने बसतो, म्हणून वर-खाली याचा अंदाज चुकतोच. खात्रीची दिशा ताऱ्याच्या वाहण्याची. दुर्बीण हलवायची नाही. तारा क्षेत्रातून ज्या बाजूने बाहेर जातो ती पश्चिम. ब तारा या वाहण्याच्या रेषेला जवळजवळ काटकोनात, जरासा मागे रेंगाळणारा दिसला पाहिजे. मग आयपीस जागच्या जागी फिरवायचा. त्याच्यासोबत फिरणारा ठिपका म्हणजे भिंगातलं प्रतिबिंब. आणि सर्वांत चांगली परीक्षा मित्रकाची. तो त्याच उंचीवर, त्याच हवेत आहे, आणि त्याचा सोबती आपल्या आवाक्याबाहेर, अगदी चिकटलेला आहे. मित्रकाजवळही तसाच दुसरा ठिपका दिसला तर मित्राजवळ दिसलेला ठिपकाही खोटा. एका रात्री असं झालं, आणि त्या रात्रीची नोंद आम्ही खोडली.

उलट उदाहरण म्हणून त्रिशंकूचा पायथ्याचा तारा, अल्फा क्रूसिस, जरूर बघावा. तो अकरा अंशांवरच येतो, आणि त्याच्या दोन ताऱ्यांत फक्त चार विकला. तरी चांगल्या रात्री तो लांबट, आणि एखाद्या क्षणी सुटाही दिसला. कारण त्याची जोडी आडवी आहे; हवेची उभी रेघ तिला काटकोनात पडते आणि फट मोकळी राहते. हा फरक डोळ्यांनी पाहिला की रंगीत रेघेबद्दल वेगळं समजवावं लागत नाही.

हा तारा जुळा असल्याचं प्रथम कळलं तेही आपल्याच देशातून. जाँ रिशो या फ्रेंच जेझुइट पाद्रीने डिसेंबर १६८९ मध्ये पाँडिचेरीहून धूमकेतू बघत असताना मित्र दोन असल्याचं टिपलं. डिसेंबरात हा तारा पहाटे उगवतो आणि पुरता वर येण्याआधी उजाडतं. म्हणजे रिशोलाही तो क्षितिजाजवळच्या जाड हवेतूनच बघावा लागला. केप ऑफ गुड होपला थॉमस हेंडरसनने १८३२-३३ मध्ये याच ताऱ्याची निरीक्षणं घेतली आणि १८३९ मध्ये त्याचा पराशय, म्हणजे पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यामुळे दिसणारं त्याचं सरकणं, प्रसिद्ध केलं. आजच्या मोजणीने ते पाऊण विकला आहे. आपण ज्या नऊ विकलांसाठी एवढी धडपड करतो त्याच्या बाराव्या हिश्श्याचं मोजमाप.

बघणं जमल्यावर मोजायचं होतं. मोटार नसलेल्या डॉब्सनवरही ते होतं. दुप्पट बार्लो (नाभीय अंतर वाढवणारं भिंग), त्यावर लाल फिल्टर, त्यावर ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा छोटा ग्रहकॅमेरा. तारा चौकटीच्या पूर्व कडेला आणून दुर्बीण सोडून द्यायची आणि चित्रफीत घ्यायची. १२८० पिक्सेलची चौकट पार करायला त्याला ५६ सेकंदांच्या आसपास लागतात. या क्रांतीवर तारे सेकंदाला ७.३ विकला सरकतात, हाच आपला मापदंड. १००० पिक्सेल कापायला ४४ सेकंद लागले तर ४४ गुणिले ७.३, म्हणजे ३२१ विकला, पिक्सेलमागे ०.३२. नऊ विकला म्हणजे २८ पिक्सेल. ताऱ्याच्या वाटेची रेघ हीच पूर्व-पश्चिम, त्यामुळे कोनही त्याच चित्रफितीतून मिळतो. उघडझाप, म्हणजे एका चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ, ५ मिलिसेकंद किंवा कमी. जास्त ठेवली तर दोन्ही ठिपके गोळा होतात. एका फेरीत दीड हजारांवर चित्रं मिळतात, त्यातली सर्वांत रेखीव पाच ते दहा टक्केच ठेवायची. अशा दहा फेऱ्या घेऊन सरासरी काढायची.

इथे आमचं माप सुरुवातीला फसलं. पिक्सेलमागचं अंतर प्रत्येक फेरीत वेगळं येई. सेकंद मोजताना आम्ही 'सेकंदाला ३० चित्रं' हा आकडा धरत होतो, आणि लॅपटॉप मधूनमधून चित्रं गाळत होता. त्यानंतर प्रत्येक चित्रावरची वेळेची नोंद चालू केली आणि तीच वापरली. फेऱ्या जुळू लागल्या. आणखी एक बारकी गोष्ट: फिल्टरविना घेतलेलं अंतर किंचित कमी भरतं. अ तारा ब पेक्षा निळसर असल्याने हवा त्याचं चित्र जरा जास्त वर उचलते, आणि सध्या ब त्याच्या वरच आहे. फरक विकलेच्या दशांशातला, पण पुढच्या वर्षाशी तुलना करायची तर तो नको. आमच्या लाल फिल्टरच्या मोजण्या नऊ विकलांच्या आसपास आल्या, जे कक्षेच्या गणिताशी जुळतं.

या जोडीचा तिसरा सोबती प्रॉक्सिमा. १९१५ मध्ये रॉबर्ट इनस याने जोहान्सबर्गहून शोधलेला, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा, सूर्याचा सर्वांत जवळचा तारा. तो मित्रापासून दोन अंशांहून जास्त दूर, आणखी खाली आणि अकराव्या प्रतीचा. आपल्या हवेतून डोळ्यांनी त्याचा नाद धरू नये. छायाचित्रात शोधता येईल.

नोंदवहीत दर वेळी हे लिहावं: तारीख आणि वेळ, याम्योत्तरापासूनचं अंतर, चित्रेशी तुलना, वारा, दक्षिणेला धूर होता का, तोंडाचा व्यास, पट, फिल्टर, मित्रकाची परीक्षा घेतली की नाही, आणि सुटी दिसली त्या क्षणांचं प्रमाण. नोंदी दरवर्षी एप्रिलमध्ये त्याच जागेवरून घ्याव्यात, कारण ही जोडी थांबलेली नाही. २०१६ मध्ये दोघांत चारच विकला दिसत होत्या. २०२९ च्या सुमारास हे अंतर साडेदहाच्या जवळ जाईल, ब आणखी पूर्वेकडे कलेल, आणि रंगीत रेघ टाळायला याम्योत्तराआधीचा तास आजच्याहून अधिक उपयोगी पडेल. त्यानंतर ते झपाट्याने जवळ येऊन २०३७-३८ मध्ये दोन विकलांच्या आत जातील, आणि तेव्हा बेळगावच्या तेरा अंशांवरून ते एकच ठिपका असतील. बघायचं ते त्याआधीच्या एप्रिलांत.